मधल्या खोलीतल्या मिलिंग मशीनची व्यवस्था

मी, खाली सही करणारा, पंपांच्या कारखान्यात गोदाम सांभाळणारा, वय पन्नाशीला टेकलेले, परमेश्वराचे स्मरण करून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मनाने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. तसा दाखला आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी दिला असून तो सोबत टाचला आहे. दाखला देण्यापूर्वी त्यांनी मला आजचा वार विचारला, सासूबाईंचे नाव विचारले आणि भिंतीवरच्या आरशात बघून डावा कान धरायला सांगितले. मी विचारले, डावा म्हणजे माझा की आरशातल्याचा. त्यावर त्यांनी पेन थोडा वेळ हवेतच धरून ठेवले. मग सही केली.

हे मृत्युपत्र आत्ताच करण्याचे कारण असे की उद्या सकाळी मला दवाखान्यात दाखल व्हायचे आहे आणि परवा माझ्या हृदयाच्या एका झडपेची शस्त्रक्रिया आहे. झडप मिटल्यासारखी करते, पण मिटत नाही. सर्जन हे काम स्वतःच्या हाताने करणार नाहीत. ते बाजूला पडद्यासमोर खुर्चीत बसतील, आणि कॉम्प्युटरच्या हुकमाने चालणारे यंत्र माझ्या छातीत उतरेल. कॉम्प्युटरच्या हुकमाने चालणाऱ्या यंत्रांबद्दल मला जे माहीत आहे ते माहीत नसते, तर मी मृत्युपत्राच्या भानगडीत पडलो नसतो.

दुसरी गोष्ट अशी की माझा सख्खा धाकटा भाऊ एका प्लायवुडच्या फळीपलीकडे राहतो आणि तो अजून मला भेटायला आलेला नाही. वकीलसाहेबांचे म्हणणे, असले काही मृत्युपत्रात लिहीत नसतात. मिळकतीचे वर्णन लिहावे. मिळकतीचे वर्णन करायचे तर धाकटा त्यात येतोच. माझा नाइलाज आहे.

कलम पहिले. घर.

घर वडिलांचे. त्यांनी जाताना तोंडी वाटणी केली ती अशी: उजवीकडच्या दोन खोल्या माझ्या, डावीकडच्या दोन धाकट्याच्या आणि मधली दोघांची. मधलीचे दोघांनी काय करायचे ते त्यांनी सांगितले नाही. एक खोली सामाईक राहिली म्हणजे माणसेही सामाईक राहतील, असा त्यांचा हिशेब असावा. उजवीकडच्या दोन खोल्या माझ्या पश्चात माझ्या बायकोच्या व तिच्यानंतर आमच्या मुलीच्या. मुलगी नोकरीसाठी दूर असते. मधल्या खोलीबद्दल तिच्या आईचे मत तिने लहानपणापासून ऐकलेले आहे, त्यामुळे ते इथे लिहीत नाही.

दारावरच्या पितळी पाट्या, एक माझ्या दारावरची व एक धाकट्याच्या, कोणीही काढू नयेत. दोन्हींवर आमचे आडनाव उलटे कोरलेले आहे, म्हणजे आरशात धरले तर सुलट दिसते. पोस्टमनला आता सवय झाली आहे. नव्या माणसाला तो स्वतः समजावून सांगतो.

कलम दुसरे. शिल्लक.

बँकेत जे असेल ते सर्व बायकोचे. किती आहे ते तिला ठाऊक आहे. मला विचारू नये, हे आता वेगळे सांगायला नकोच.

कलम तिसरे. मिलिंग मशीन.

हे मशीन म्हणजे टेबलावर मावेल असे छोटे, हौशी माणसाचे. वर फिरते हत्यार, खाली सरकते टेबल. टेबलावर पितळेचा तुकडा आवळायचा, हातचाक फिरवायचे, की टेबल डावीकडे, उजवीकडे, पुढे, मागे सरकते आणि हत्यार तुकडा कोरत जाते. हत्यार जागचे हलत नाही, नुसते स्वतःभोवती फिरते. ही बाब लक्षात ठेवावी, कारण सगळे त्यावरच फिस्कटले. एका शाळेची कार्यशाळा बंद झाली तेव्हा ते मी घेतले आणि धाकट्याने व मी ते हातगाडीवरून घरी आणले. वाटेत चढ लागला तेव्हा तो मागून ढकलत होता आणि मी पुढून ओढत होतो, आणि दोघेही एकमेकांना सांगत होतो की तू नुसता हात लावलायस.

ते मधल्या खोलीत बसवले. संध्याकाळी कारखान्यातून आल्यावर मी त्याच्यापाशी उभा राही. हत्यार धातूत उतरले की मनात दुसरे काही उरत नसे. माझी प्रार्थना कधी तितकी एकाग्र झालेली नाही. हे देवाला ठाऊक आहे आणि त्याने त्याबद्दल आजवर काही म्हटलेले नाही.

हातचाके काढून त्या जागी मोटारी बसवाव्यात आणि चाके फिरवण्याचे काम कॉम्प्युटरला द्यावे, ही कल्पना माझी. याबद्दल वाद नाही. बाकी सगळ्याबद्दल आहे. धाकट्याचे जळलेल्या मोटारींच्या तारा पुन्हा गुंडाळून देण्याचे दुकान आहे, तेव्हा मोटारी आणि तारा त्याच्याकडे; स्क्रू, पट्ट्या आणि कॉम्प्युटर माझ्याकडे. ते दिवस चांगले होते. मधली खोली वडिलांना अभिप्रेत होती तशीच होती. दोन्ही घरांचा चहा तिथेच येई आणि कोणाचा कप कुठल्या घरचा हे कोणी बघत नसे. टेबलाच्या मोटारीला पहिल्यांदा वीज दिली तेव्हा ती नुसती गुरगुरली, जागची हलली नाही. धाकटा तिच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "दादा, ही तुझ्यावर गेलीय."

मग कॉम्प्युटरला पहिला हुकूम द्यायची वेळ आली. हुकूम साधा असतो: आडव्या दिशेने इतके प्लस. मी तो दिला, आणि टेबल उजवीकडे गेले.

मी म्हणालो, उलटे गेले. धाकटा म्हणाला, बरोबर गेले. प्लस म्हणजे उजवीकडे, लहान पोराला विचार. मी त्याला सांगितले की या विद्येचा नियम असा आहे की टेबल हलत असले तरी ते हलत नाही असे समजायचे आणि हत्यार हलते असे मानायचे. हत्याराने तुकड्यावर उजवीकडे जायचे तर टेबलाने डावीकडे जायला हवे. तो म्हणाला, जे हलत नाही ते हलतंय म्हणायचं आणि जे हलतंय ते स्थिर म्हणायचं, याला विद्या म्हणतात का?

इथे आमच्या शिक्षणाबद्दल सांगणे भाग आहे. आम्ही दोघे गावातल्या एकाच शाळेत शिकलो. शाळा म्हणजे एक खोली. पुढे लहान इयत्ता, मागे मोठ्या, त्यामुळे कुठलाही धडा असो, तो सगळ्यांनाच ऐकू येई. गुरुजींनी एके दिवशी सांगितले की सूर्य उगवतो, सूर्य मावळतो असे आपण म्हणतो खरे, पण सूर्य जागेवर आहे, हलते ती पृथ्वी. मी मागे बसून हे ऐकले आणि शिकलो की डोळ्यांना दिसते त्यावर जाऊ नये. धाकट्याने पुढे बसून तेच ऐकले आणि तो शिकला की जे खरोखर हलते त्याचेच नाव घ्यावे. पृथ्वी हलते तर पृथ्वी म्हणा, टेबल हलते तर टेबल म्हणा. त्या दिवसापर्यंत आम्हांला पत्ताच नव्हता की आपण दोघे वेगवेगळ्या शाळेत गेलो होतो. गुरुजी आता हयात नाहीत, तेव्हा निकाल लागण्याची सोय राहिलेली नाही.

वाद नको म्हणून आम्ही ठरवले की मशीनलाच विचारू. दाराची पाटी कोरू. पितळेचा पत्रा लावला, आडनाव दिले, हत्यार सुरू केले. पाटी सुबक निघाली, पण उलटी.

त्यानंतर दोघेही गप्प बसलो. गप्प बसणे हे आमच्या घरात शहाणपणाचे लक्षण समजले जाते; त्यानेच घात केला. मी मनाशी म्हटले, त्याला कशाला टोचायचे, कॉम्प्युटरमध्ये एक चिन्ह बदलले की दिशा सुधारते. आणि मी ते बदलले. धाकट्याने मनाशी म्हटले, दादाला कशाला सांगायचे, मोटारीच्या दोन तारा अदलाबदल केल्या की दिशा सुधारते. आणि त्याने त्या केल्या. उलट्याचे सुलट आणि सुलटाचे पुन्हा उलट झाले. दुसरी पाटी लावली. तीही उलटी निघाली.

आता दोघांच्या हातात पुरावा होता. मी म्हणालो, मी कॉम्प्युटर सुधारला तरी पाटी उलटी, याचा अर्थ दोष तारांचा. तो म्हणाला, मी तारा सुधारल्या तरी पाटी उलटी, याचा अर्थ दोष कॉम्प्युटरचा. बोलता बोलता उलगडले की दोघांनीही सुधारले आहे. वाटेल, इथे हसून विषय संपला असेल; तसे झाले नाही. मी म्हणालो, तुझी दुरुस्ती तू मागे घे, माझी राहू दे. तो म्हणाला, तू तुझी घे. चूक मागे घ्यायला आम्ही दोघेही केव्हाच तयार झालो होतो. दुरुस्ती मागे घ्यायला कोणीच तयार नव्हते, आणि आजही नाही.

मी हे देवापुढे बसूनही तपासून पाहिले आहे. माझी दुरुस्ती योग्य होती.

पुढच्या आठवड्यात धाकट्याने सुताराला आणले. मधल्या खोलीत फळी घालायची म्हणाला. मशीन कोणाच्या बाजूला, हे सुताराने विचारले. दोघांनीही सांगितले की समोरच्याला हवे असेल तर घेऊ दे. पण समोरच्याने मागायला हवे. कोणी मागितले नाही. सुतार दुपारपर्यंत वाट बघून कंटाळला. मग त्याने प्लायवुड मशीनपुढे धरले, पेन्सिलीने मशीनची बाह्यरेषा काढली, करवतीने कापली आणि फळी वरून बसवली. कोणी सावलीचे चित्र काढावे तसे ते भोक दिसते. मशीन अर्धे इकडे, अर्धे तिकडे. टेबल डावीकडे गेले की धाकट्याच्या घरात, उजवीकडे आले की माझ्या. कॉम्प्युटर माझ्या बाजूला राहिला आणि विजेचे बटण त्याच्या बाजूला. म्हणजे दोघांपैकी एकालाही दुसऱ्यावाचून मशीन चालवता येईना. सुताराला जाताना विचारले, हे असे कसे. तो म्हणाला, "मला फळी सांगितली होती, समेट नाही."

मशीन बंद पडले असते, पण पडले नाही, याचे श्रेय माझ्या बायकोला आणि तिच्या जाऊबाईंना. त्यांचे आपसांत काही बिनसले नव्हते. एके सकाळी आमच्याकडे साखर संपली. जाऊबाईंनी पलीकडून बटण दाबले, टेबलावर वाटी ठेवली आणि भोकातून म्हणाल्या, "ताई, ओढा." हिने कॉम्प्युटरवर काहीतरी दाबले. टेबल सरकत सरकत वाटीसकट इकडे आले. तेव्हापासून रोज चालते. साखर, मीठ, काडेपेटी, विरजण, एकदा भाचीच्या लग्नाचे फोटो. दोन वर्षे दोन भाऊ ज्यासाठी खपले, त्या यंत्राचे आजवरचे एकमेव चोख काम हे आहे. वाटी कधी सांडलेली नाही.

हिने कॉम्प्युटरच्या दोन कळांवर नखाच्या रंगाने ठिपके दिले आहेत. लाल म्हणजे जाते, हिरवा म्हणजे येते. मी एकदा तिला प्लस-मायनस समजावून सांगायला बसलो. तिने पूर्ण ऐकून घेतले. मग म्हणाली, "म्हणजे तुमच्या नियमानं प्लस म्हटलं की टेबल त्यांच्याकडे जातं, आणि त्यांच्या नियमानं प्लस म्हटलं की तुमच्याकडे येतं. मग दोघं एकमेकांना देण्यावरूनच भांडताय की." असे म्हणून ती उठून गेली. उत्तर मी अजून शोधतो आहे.

आता व्यवस्था. सदर मिलिंग मशीन, मोटारी, तारा व स्क्रू यांसह, मी माझ्या धाकट्या भावाला देत आहे. अट एकच, की त्याने आपली तारांची दुरुस्ती मागे घ्यावी.

वरील अट मी खोडली आहे. कारण हे लिहीत असताना ही मागे येऊन वाचत उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, गेल्यावरही भांडण चालू ठेवायचंय का? मग मला सांगून जा, मी कोणाच्या बाजूनं भांडू ते." खोडलेल्या ओळीशेजारी मी आद्याक्षर केले आहे, वकीलसाहेबांनी तसे सांगितले आहे. मशीन धाकट्याला, बिनशर्त.

कॉम्प्युटर मात्र बायकोला. तो कोणीही कापडाने पुसू नये, ठिपके जातील.

कलम चौथे. सर्जन.

सर्जनांना मी काही देत नाही, कारण त्यांनी मागितलेले नाही. पण माझी शंका नोंदवून ठेवतो. त्यांनी मला यंत्राचे चित्र दाखवले तेव्हा मी विचारले, तुम्ही हात उजवीकडे नेलात तर आत काय होते. ते म्हणाले, हत्यारही उजवीकडे जाते. मी विचारले, कोणी तारा बदलल्या असल्या तर? ते म्हणाले, आमच्याकडे तसे होत नाही. मी म्हणालो, तसे होत नाही असेच वाटत असते. आणि समजा तारा एकाने सुधारल्या आणि चिन्ह दुसऱ्याने, दोघांनीही चांगल्या मनाने, तर? सर्जन वयाने लहान आहेत, पण सभ्य आहेत. ते म्हणाले, "काका, तुम्ही जरा बाहेर बसा," आणि त्यांनी हिला आत बोलावले. ही बाहेर आली तेव्हा तिच्या हातात झोपेच्या गोळ्यांची चिठ्ठी होती.

घरी येऊन मी हे सगळे तिला पुन्हा सांगितले, जरा मोठ्याने. फळीला माझ्या मशीनच्या आकाराचे भोक आहे, त्यातून आवाज जातो. पलीकडे ताटली ठेवल्याचा आवाज झाला. मग काही झाले नाही. त्याला आज चार दिवस होतील. मरणाची मला भीती वाटत नाही असे म्हणणार नाही, पण ती देवाकडे सोपवता येते. धाकट्याचे तसे सोपवता येत नाही. देवाने पुढे विचारले तर मी काय सांगू, की मधल्या खोलीतून हाक सहज ऐकू गेली असती आणि दोघांनीही मारली नाही?

कलम पाचवे. किरकोळ.

काढून ठेवलेल्या हातचाकांपैकी एक आमच्या स्वयंपाकघरात गरम पातेल्याखाली असते. ते तिथेच राहावे. दुसरे जाऊबाईंना. त्यांनी ते मागितले नव्हते, पण टेबलावरून पलीकडे गेले ते परत आले नाही, यावरून आवडले असावे.

हार्डवेअरच्या दुकानदारांना काहीही देऊ नये. मी मिलिमीटरच्या आट्यांचे बोल्ट मागितले होते, त्यांनी इंचाचे दिले. ते निम्मे आत गेले आणि तिथेच राहिले. मशीन आता त्यांच्यासह धाकट्याला जाईल. मी परत न्यायला गेलो तर म्हणाले, घट्ट बसलेत ना, मग तक्रार कसली.

शेजारचे निवृत्त मुख्याध्यापक यांना माझे व्हर्निअर, म्हणजे मापाचे हत्यार, देण्यात येत आहे. ते त्यांच्याकडेच आहे. बेकरीवाला पावाचे काप बारीक करत चालला आहे हे सिद्ध करण्यासाठी त्यांनी ते नेले आणि अजून सिद्ध झालेले नाही. निदान कागदोपत्री तरी ते आता त्यांचे होईल.

माझ्या मागे मोठे काही करू नये. साधी प्रार्थना करावी, तीही बसून. कारखान्यातले लोक आले तर त्यांना सांगावे की गोदामाच्या कडीचा खिळा सैल आहे, मी बोललो होतो.

पुढील मजकूर वकीलसाहेबांसमक्ष.

आज दुपारी वकीलसाहेब दोन साक्षीदार घेऊन आले: हार्डवेअरचे दुकानदार आणि शेजारचे मुख्याध्यापक. मृत्युपत्र मोठ्याने वाचण्यात आले. बोल्टांचा मजकूर आल्यावर दुकानदारांनी दोन्ही हात पसरले, जणू मी त्यांचा सत्कार करत आहे. व्हर्निअरचा मजकूर आल्यावर मुख्याध्यापक खूश झाले. तेवढ्यात वकीलसाहेबांनी सांगितले की त्यांच्या माहितीप्रमाणे साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत असेल तर सही केल्याबरोबर ते देणे आपोआप रद्द होते. मुख्याध्यापकांनी खिशातून काढलेले पेन परत खिशात ठेवले. सहीचे काम कोणीही करील, पण पावाचे काम अर्ध्यावर आहे, असे सांगून ते गेले. मला वाईट वाटले नाही. आयुष्यभर मुलांना मोजत आलेला माणूस आहे.

दुसरा साक्षीदार कुठून आणायचा याचा विचार चालला होता. ही बायको म्हणून बाद, जाऊबाई हातचाकामुळे बाद. वकीलसाहेब रस्त्यावरून कोणाला तरी बोलवावे म्हणून उठले, तो दार उघडून धाकटा आत आला. फळीच्या बाजूने नव्हे. त्याच्या दारातून बाहेर पडून, रस्त्याने, माझ्या दारातून. घामाघूम होता. आत आल्यावर तो कोणाकडेही बघेना, मशीनकडे बघत उभा राहिला.

"दादा, जाऊन आलो," तो म्हणाला.

मी विचारले, कुठे.

"दवाखान्यात. चार दिवस जातोय. तो डॉक्टर भेटतच नव्हता, आज भेटला. म्हटलं, मी मोटारीवाला आहे, मला तुमचं यंत्र चालवून दाखवा, माझा भाऊ त्यात जाणारे."

सर्जनांनी त्याला आधी नाही म्हटले. मग तो त्यांच्या दारातून हलेना, म्हणून त्यांना दाखवावे लागले. शिकाऊ डॉक्टरांसाठी तसलेच एक यंत्र वेगळे ठेवलेले असते, त्यात रबराचा तुकडा असतो. धाकट्याने त्यांना हात उजवीकडे न्यायला लावला, डावीकडे, वर, खाली. मग म्हणाला पुन्हा. मग स्वतः खुर्चीत बसून करून पाहिले. सर्जनांनी विचारले म्हणे, तुमच्या घरात अजून किती जण आहेत.

"सगळं सरळ आहे," धाकटा म्हणाला. "उजवं म्हटलं की उजवं. आणि तिथं टेबल हलतच नाही, दादा. हत्यार हलतं, खरंच हलतं. समजायची भानगडच नाही. तू नुसतं पडून राहायचं."

हिने त्याला पाणी दिले. तो प्याला, आणि मग म्हणाला की साक्षीदार कमी पडतोय असे मुख्याध्यापक रस्त्यात सांगत होते, तर कुठे सही करू.

वकीलसाहेब म्हणाले की त्यांना सही करता येणार नाही. म्हणजे येईल, पण मग मशीन मिळणार नाही. धाकट्याने मृत्युपत्र हातात घेतले आणि कलम तिसरे सुरुवातीपासून वाचले. वाचताना त्याच्या कपाळावर दोनतीनदा आठी पडली, विशेषतः "माझी दुरुस्ती योग्य होती" इथे. खोडलेली ओळ त्याने खिडकीच्या उजेडात धरून वाचली. मग कागद खाली ठेवला.

"मग नाही मिळालं तर नाही मिळालं," तो वकीलसाहेबांना म्हणाला. "पेन द्या."

वकीलसाहेबांनी त्याला पुन्हा समजावले. त्याची सही झाली की हे कलम पडते आणि मशीनला कोणी वारस राहत नाही. धाकटा म्हणाला, "वारस कशाला? ज्याचंय तो आहे. चार दिवसांनी येईल, मग चालवील."

वकीलसाहेबांनी माझ्याकडे पाहिले. दुसऱ्या कोणाचे नाव लिहायचे आहे का, विचारले. मी नाही म्हणालो. मशीनचे कलम तसेच लिहिलेले राहू द्यावे आणि त्याच्या सहीने पडू द्यावे, असे मी सांगितले. त्याने तारांबद्दल काही म्हटले नाही. मी चिन्हाबद्दल काही म्हटले नाही. तेवढा वाद परत येण्यासाठी शिल्लक ठेवला आहे.

मशीनला आज कोणी वारस नाही, हे जाणून-बुजून व राजीखुशीने केलेले आहे. इतर सर्व कलमे कायम.

हे मृत्युपत्र मी कोणाच्याही दबावाखाली केलेले नाही. बायकोने एक ओळ खोडायला लावली ती वर सांगितली आहे. दोन्ही साक्षीदारांसमक्ष मी सही करीत आहे आणि माझ्यासमोर ते करीत आहेत.

ठिकाण: मधली खोली, फळीच्या अलीकडची बाजू.
दिनांक: दवाखान्यात दाखल होण्याच्या आदल्या दिवशी, दुपारी.

मृत्युपत्र करणार:
(सही)

साक्षीदार पहिला: हार्डवेअरचा दुकानदार. मला काही मिळत नाही हे कलम पाचमध्ये सविस्तर आले आहे. बोल्ट बरोबरच दिले होते.
(सही)

साक्षीदार दुसरा: मृत्युपत्र करणाऱ्याचा सख्खा धाकटा भाऊ, मोटारी गुंडाळण्याचा दुकानदार. दादाने माझ्यासमोर सही केली. या मृत्युपत्रातून मला काहीही मिळत नाही, आणि मला काहीही मिळायला नको आहे.
(सही)